बोळाएवढ्या घरातला दुखवटा

माणसाचा मोठेपणा त्याच्या घराच्या रुंदीवरून मोजू नये, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. भिंगारात ते मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्या सगळ्यांच्या अंगणात बैलगाडी वळत होती. रंगनाथनं ते कधी ऐकवलं नाही. त्याच्या घरात त्याला स्वतःलाच वळताना विचार करावा लागे.

पेठेतलं ते घर बोळाएवढं होतं. परगावची माणसं बोळ समजून आत शिरत आणि थेट देवळीतल्या खंडोबासमोर उभी राहत. मग नमस्कार करून आल्या वाटेनं परत, कारण मागं दार नव्हतं. एका भिंतीला पाठ टेकून बसलं की पाय समोरच्या भिंतीला लागत.

हे घर रंगनाथनं स्वतःच आखलं होतं. वडील गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. त्यामुळे थोरला झक मारत न्यायानं वागतो. पण रंगनाथला न्यायापेक्षा डोकं जास्त. धाकटा कानिफनाथ देवभोळा, तो देवाची बाजू काही सोडायचा नाही, हे धरून त्यानं देवळीकडची चिंचोळी पट्टी एका वाट्यात टाकली. आड, गोठा, ओसरी सगळं दुसऱ्यात. कानिफनाथनं देवाला हात जोडले, डोळे पुसले, देव थोरल्याकडंच शोभतात म्हणाला आणि रुंद वाटा उचलला. पंचांनी हसू दाबायला पान लावायला घेतलं. मधे भिंत उभी राहिली आणि भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले.

बहात्तरच्या उन्हाळ्यात रंगनाथ गेला. त्याची बायको मनकर्णा रडली नाही. शेजारणींनी गळा काढून तिला दोन-तीनदा सुरुवात करून दिली. ती आपली चुलीतली राख सारखी करत राहिली.

दुखवट्याला आम्ही गेलो. सख्खा दीर म्हणून कानिफनाथला सगळ्यांच्या आधी आत धाडलं, तो चुलीपुढं बसलेल्या मनकर्णेच्या शेजारी जाऊन बसला. त्याच्या अलीकडं शेजारची छबूबाई, मग मी, मग आणखी पेठेतली मंडळी, आणि उंबऱ्यावर बाबाजान शिंपी. सगळे एका रांगेत, गुडघे पोटाशी घेऊन.

दुखवट्याच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. गुपचूप उठायचं आणि चालू लागायचं. ऐसपैस घरात ही रीत फार शोभून दिसते. इथं उठायचं तर अर्ध्या रांगेला गुडघे हलवायला सांगावं लागे, आणि ते म्हणजे 'येतो' म्हणण्यासारखंच झालं. एकटा बाबाजान मोकळा होता, पण घरचे आत बसलेले असताना बाहेरच्यानं आधी उठणं त्याला बरं दिसेना. त्यामुळे कुणीच उठेना. ऊन दारातून आत आलं, बाबाजानच्या पाठीवरून उतरलं आणि निघून गेलं. उन्हाला काही म्हणावं लागलं नाही.

कानिफनाथ कशासाठी आलाय, हे आम्हाला ठाऊक होतं. रुंद वाटा उचलल्यापासून खाल्लेलं अंगी लागत नाही, असं तो बाबाजानच्या मशीनपाशी बसून सांगत असे. दादा हयात असताना जमलं नाही. आता वहिनीनं तरी हो म्हणावं, एवढीच त्याची आस होती. छबूबाईनं त्याला कोपरानं ढोसलं. "बोला की आता. का अंधार पडू द्यायचाय?"

त्यानं घसा खाकरला. "वयनी, ही भिंत मी उद्याच पाडतो. आड तुमचा, वसरी तुमची. दादाला मीच हितं कोंडला."

छबूबाईनं पदर डोळ्यांपाशी तयार ठेवला. रांगेतला एकही गुडघा हलला नाही.

मनकर्णेनं मान वळवून पाठीमागच्या, मधल्या भिंतीकडं पाहिलं. रंगनाथ डोकं टेकून बसायचा, तिथं तेलाचा काळा डाग पडला होता. कानिफनाथचं डोकं नेमकं त्याच डागावर होतं. समोरच्या भिंतीचा गिलावा खाली, तळव्यांच्या उंचीवर, घासून गुळगुळीत झाला होता.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ते टेकून बसायचे तिला."

"मंग एक दार तरी पाडू द्या," कानिफनाथ म्हणाला. "येन्याजान्यापुरतं."

"रड बाई आता," छबूबाई पुटपुटली. "एवढा बोलला दीर."

आम्ही थांबलो. दुसरा इलाजही नव्हता.

"दाराचं बघू मागनं, भावजी," ती म्हणाली. "आदी जरा तिकडं सरका. सकाळधरनं पाय लांब करायचाय."