पडक्या भिंतीतला वस्तरा

लोहाऱ्याचे शरणप्पा हडपद, पिढीजात न्हावी. आठ महिने सोलापूरकडच्या छावणीत काढून ते बायकोसह घरी परतले, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन महिना झाला होता. रझाकारांच्या भीतीनं पळताना हत्यारांची धोकटी कुठं पडली ती पडलीच. छावणीत त्यांनी खडी फोडली. घरी आल्यावर नुसते दारात बसून राहायचे. स्वतःची दाढी छातीकडं निघाली होती.

त्यांची बायको रुद्रम्मा स्वस्थ बसणारी नव्हती. पावसात ढासळलेल्या भिंतीची माती ती खोऱ्यानं ओढत होती, तर चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी लागलं. सासऱ्यांचा वस्तरा! ते गेल्यापासून कोनाड्यात ठेवलेला. आता पातं गंजून मुठीत अडकलेलं.

नवऱ्याला दाखवावा, तर 'टाक उकिरड्यावर' म्हणतील. तिनं तो करडईच्या तेलात बुडवून चुलीमागं ठेवला. चौथ्या दिवशी पातं हललं, पाचव्या दिवशी उघडलं. मग रोज दुपारी मागच्या दारी बसून ती चाळलेली राख तेलात कालवायची आणि चिंधीनं हलक्या हातानं पातं पुसायची. हळूहळू तांबूस थर सुटला. एके दिवशी पात्यात तिला आपल्या कपाळावरची विभूती दिसली.

धार मात्र जमेना. शेजारणीकडून आणलेल्या दगडावर ती पातं घासत होती, तोच मागून आवाज आला,

"आगं, तसं न्हाय! पाठ उचलू नको. सगळं पातं दगडावर टेकू दे."

शरणप्पा कधी येऊन उभे राहिले, कोण जाणे.

"मग तुम्हीच दावा की," ती न वळता म्हणाली.

त्यांनी वस्तरा घेतला, अंगठ्यानं चाचपला.

"आप्पांचा?"

"व्हय. मातीत घावला."

"हितं टवका गेलाय."

"लई मोठा हाय का?"

"न्हाय, निघंल. पर चार दिस लागतील."

"लागू द्या. आता कुठं पळायचंय आपल्याला?"

शरणप्पांना हसू आलं. किती महिन्यांनी!

चार दिवसांनी त्यांनी कातड्याच्या पट्ट्यावर पातं फिरवलं, मनगटावरचे केस उडवून पाहिले. मग भिंतीला आरशाचा तुकडा टेकवून आधी स्वतःचीच दाढी उतरवली. गाल बसले होते, पण रुद्रम्माला आपला माणूस ओळखू आला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. शरणप्पा लिंबाखाली पाण्याची वाटी घेऊन बसले. पहिला आला बब्रुवान, बाजाराला आलेला शेतकरी.

"हात चालतोय का अजून, शरणप्पा?"

"बस तर आधी."

दुपारी लिंबाची सावली सरकली, तशी तिच्यामागं गिऱ्हाइकांची रांगही सरकली.