आजोबांच्या आवाजात मिसळलेली आजी

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, मी आवाज मिसळतो. डब्याएवढा, वजनाला हलका आणि खिशाला परवडणारा. हे तिन्ही गुण माझ्या खोक्यावर छापले होते. त्याच खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'आठ चॅनेल' असंही छापलं होतं. ते आठवलं की आजही मला मान वर करवत नाही. माइक लावायची भोकं मला दोनच आहेत. बाकीचा आकडा कारखान्याने कुठून जमवला, हे मी कधी विचारलं नाही. आपल्याला मोठं म्हणत असतील, तर विचारतो कोण?

दुकानात मी एका महागड्या मिक्सरशेजारी बसलो होतो. एक दिवस एक ताई आल्या. त्यांचे बाबा तीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा देत होते. आता त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर बोलता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधी ताईंना घरच्या घरी त्यांचा आवाज भरून ठेवायचा होता.

दुकानदार भला माणूस. त्याने समजावलं, की शेजारचा मिक्सर प्रत्येक माइकचा आवाज कॉम्प्युटरला वेगळा पाठवतो. हा छोटा मात्र सगळे आवाज एकत्र करूनच पाठवतो, मग ते सुटे करता येत नाहीत.

"बोलणार किती जण?"

"बाबा एकटेच."

"मग हाच घ्या की."

सल्ला अगदी बरोबर होता. ताईंच्या आईला, म्हणजे आजींना, हिशेबात धरायचं राहून गेलं, एवढंच.

घरी मला जेवणाच्या टेबलावर मांडलं. आवाज घुमू नये म्हणून खिडकीवर जाड पांघरूण टांगलं, पंखा बंद केला. ताईंचे बाबा म्हणजे घरातले आजोबा, त्यांच्यापुढे एक माइक आला. ते विसरले तर आठवण करून द्यायला आपण शेजारी बसू, असं आजी म्हणाल्या आणि दुसरा माइक त्यांच्यापुढे गेला.

आजोबा चार दिवस बोलले. आजीही चारच दिवस बोलल्या, पण त्याच वेळी. त्यांनी गावांची नावं दुरुस्त केली, भाच्याचं वय दुरुस्त केलं. आजोबा जुन्या साहेबांची नक्कल ऐन रंगात आणत होते, तेव्हा गोळी घेतली का, हेही विचारून घेतलं. मी इमानेइतबारे सगळं एकजीव केलं. ताई म्हणाल्या, मस्त चालतोय हा. मी फुगलो.

ऑपरेशन झालं. आजोबा गळ्याला पट्टी आणि हातात पाटी घेऊन घरी आले. ताई कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगमधून आईचा आवाज काढून टाकायला बसल्या. निघेना. आजींना कमी केलं की आजोबाही कमी होत. दुकानदाराचं बोलणं त्यांना तेव्हा आठवलं. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आजी ऐकत होत्या.

"मी इतकी बोलते?"

ताईंनी रेकॉर्डिंग थांबवलं.

"त्यांच्या आवाजाचे शेवटचे चार दिवस होते गं. आणि मी गोळ्या विचारत बसले."

त्या उठू लागल्या. आजोबांनी हात धरून त्यांना बसवलं आणि ताईंना खुणेने पुढचं लावायला सांगितलं. पुढे आजोबा लग्नाआधीच्या पहिल्या भेटीचं सांगत होते.

"मंगळवार होता."

"बुधवार."

"अगं, मंगळ..."

"बुधवार. पुढे बोला."

आजोबांनी पाटी ओढली, लिहिलं आणि आजींसमोर धरली. 'मंगळवारच.'

आजींनी वाचलं. तोंड उघडलं, मिटलं. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "मंगळवार."

आजोबांचे खांदे हलू लागले. त्या हसण्याला आवाज नव्हता, म्हणून ते मला भरून घेता आलं नाही.

ते रेकॉर्डिंग ताईंनी तसंच ठेवलं आहे. घरातले म्हणतात, झालं ते बरंच झालं. माझी शरम काही त्याने जात नाही. म्हणून मित्रांनो, मिक्सर घेताना खोक्यावरचा आकडा वाचू नका, माइकची भोकं मोजा आणि घरात मध्ये बोलणारं कोण आहे, ते आधी दुकानदाराला सांगा. आमच्या बटणांत धूळ साचू देऊ नका. आणि घरातलं थोरलं माणूस काही सांगत असेल, तर ऑपरेशनची तारीख ठरायची वाट न पाहता ऐका. मध्ये बोललात तरी चालेल. वार कोणता होता, तेवढं मात्र त्यांना ठरवू द्या.