गुळगुळीत रेघ

बिलकिसने मॉनिटर गर्रकन फिरवून श्यामसुंदर सरांच्या नाकासमोर आणला.

"बघा, तुमच्या फिल्टरनं काय केलंय ते."

पडद्यावर एकाच अनोळखी पेशंटच्या ईसीजीच्या दोन रेघा होत्या. वरची थरथरत होती, श्वासाबरोबर डुलत होती. पण प्रत्येक ठोक्यानंतरचा सपाट तुकडा खाली खचलेला स्पष्ट दिसत होता. हृदयाला रक्त कमी पडतंय अशी शंका यायला तेवढं पुरेसं होतं. खालची रेघ फिल्टरमधून गेलेली. तिची थरथर गेली, डुलणं गेलं आणि त्या भरात खचलेला तुकडाही उचलून जागेवर बसवला गेला.

"छान दिसतेय की खालची," सर म्हणाले.

"छान? सर, आपण ईसीजी मशीन बनवतो का लग्नाचे फोटो काढतो? हा माणूस 'नॉर्मल' म्हणून घरी जाईल!"

"मॅडम, रेघ हलली की गिऱ्हाईक मशीनला नावं ठेवतं. उद्या डेमो आहे. फिल्टर आहे तसा राहू द्या."

बिलकिसचं डोकं सणकलं. दिवाळीपर्यंत हाच माणूस फिल्टर सौम्य ठेवा म्हणून सगळ्यांच्या मागे लागायचा. 'आजारच पुसला तर मशीन कशाला?' हे त्याचंच वाक्य. दिवाळीनंतर मात्र तिच्यामागे एकच पालुपद: अजून गुळगुळीत करा. धंद्यापुढे माणूस इतक्या लवकर लाज सोडतो? संध्याकाळी धायरी फाट्यावर बसची वाट बघताना तिने मनातल्या मनात राजीनामा लिहून टाकला, आणि तोही चांगला झणझणीत.

दुसऱ्या दिवशी वाघोलीतल्या दवाखान्यात सर नेहमीप्रमाणे शर्ट काढून टेबलावर आडवे झाले. डेमोला पेशंट म्हणून कायम तेच. 'आपल्या मशीनवर आधी आपण' हा कंपनीचा पहिल्यापासूनचा शिरस्ता होता, आणि गिऱ्हाईक त्यावर निम्मं खूश व्हायचं. बिलकिसने त्यांच्या छातीला वायरी लावल्या. पडद्यावर रेघ धावू लागली.

"वा, काय आखीव रेघ आहे!" दवाखान्याचे डॉक्टर जयसिंग शितोळे म्हणाले. "पाठवून द्या मशीन."

तेवढं तिला सहन झालं नाही.

"डॉक्टर, ही खरी रेघ नव्हे. खरी मी दाखवते."

"मॅडम!" सर टेबलावरून ओरडले.

तोवर तिने फिल्टर काढला होता. रेघ थरथरली, डुलायला लागली. फिल्टर काय काय खातो ते सांगायला बिलकिसने पडद्याकडे बोट केलं आणि ते बोट तसंच हवेत राहिलं. प्रत्येक ठोक्यानंतरचा तुकडा खचलेला होता. कालच्या त्या अनोळखी पेशंटपेक्षा जास्तच.

डॉक्टरांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"श्यामसुंदरराव, जिना चढताना छातीत दाटून येतं का हो?"

सर बोलले ते डॉक्टरांशी नव्हे.

"मॅडम, फिल्टर लावा."

आवाजात हुकूम नव्हता. बिलकिसने त्यांच्याकडे पाहिलं. कंपनीत कुणीही यायच्या आधी सर येतात, मशीन लावून एकटे बसतात, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. कामसू माणूस, असंच सगळे म्हणायचे.

"दिवाळीपासून," ती म्हणाली. "दिवाळीपासून तुम्ही रोज हे बघताय!"

सरांनी डोळे मिटून घेतले.

बिलकिसला इतका संताप आला की तिचे डोळेच भरून आले. कालचा राग त्याच्यापुढे काहीच नव्हता. ज्याने तिला रेघ वाचायला शिकवली, त्यानेच तिच्या हातून स्वतःची रेघ पुसून घेतली होती. एका शब्दाने बोलला नव्हता.

"लावा हो," सर पुन्हा म्हणाले.

"नाही लावणार."

तिने छपाईचं बटण दाबलं. वेडीवाकडी, थरथरती रेघ घेऊन कागद बाहेर येऊ लागला. सरांनी पडल्या पडल्या हात पुढे केला.

तिने कागद फाडला आणि डॉक्टरांच्या हातात दिला.