कोठीमागची भिंत

"ऑइल पेंटवर चुना धरत नाई, धुरपता," बाबा म्हणाले.

माय चुन्याच्या बादलीत कुंचा बुडवत म्हणाली, "भिंत वाचवाचे बहाने नोका सांगू. उद्या पाव्हणे येऊन राह्यले पोरीले पाहाले."

पोरगी म्हणजे मी, कांता. अठ्ठ्याहत्तर साल होतं. माझे बाबा, रूपराव पेंटर, आर्वीत भिंती रंगवत; खताच्या जाहिराती, निवडणुकीचे नारे. डब्यात उरलेला रंग ते घरी आणत आणि बैठकीच्या भिंतीवर अक्षरं काढत. नुसती अक्षरं. निळ्या 'क'च्या पोटात लाल 'ळ', वेलांट्या एकमेकींत अडकलेल्या. लांबून पाहिलं तर बुट्टीदार लुगडं वाळत घातल्यासारखी भिंत दिसे.

शेजारची रुख्माबाई चिडवायची, "रूपरावजी, याच्यात मत कोणाले द्याचं?"

"बाहेरचं अक्षर लोकायचं, वैनी. हे माहं."

मायने भिंत पांढरी केली. ज्वारीने भरलेल्या टिनाच्या कोठीमागे तेवढा कुंचा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाचे मामा, बंडूजी, भिंतीला टेकून बसले. उठले तेव्हा काळ्या कोटावर चुन्याचे पापुद्रे आणि भिंतीत लाल 'ळ' उघडा पडलेला.

"घर हाये का पानठेला?" ते म्हणाले. सगळे हसले. बाबाही हसले.

आठवड्याने नकार आला. त्या सकाळी बाबांनी लोखंडी पट्टी घेतली आणि भिंत खरवडायला लागले.

"बाबा, राहू द्या ना."

"तुह्यं जमू दे, बेटा. भिंतीचं काय."

संध्याकाळपर्यंत खाली रंगीत कपच्यांचा ढीग झाला. मायने तो सुपात भरला आणि सूप हातात घेऊन बराच वेळ दारात उभी राहिली.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. सासरी कोणी भिंतींकडे पाहत नसे. बाबा गावच्या भिंती रंगवत राहिले, पण उरलेला रंग त्यांनी पुन्हा घरी आणला नाही.

शहाऐंशीत ते गेले. तेरवीच्या पंगतीसाठी जागा हवी, म्हणून कोठी पडवीत सरकवली. मागे वीतभर पट्टा तसाच होता. निळ्या 'क'ची पाठ, अर्धी वेलांटी. तिथवर बाबांची पट्टी पोचली नव्हती.

दिवाळीला मी माहेरी आले तेव्हा माय भिंत पोतत होती. त्या पट्ट्याशी आल्यावर तिने कुंचा खाली ठेवला, बोटाला चुना घेतला आणि कडेकडेने हळूच फिरवला.

"माय, कोठी आत आणू का?"

"राहू दे बाहेरच," ती म्हणाली.

ज्वारीला उंदीर लागले, तरी कोठी पडवीतच राहिली.