रिप्लेची दांडी

मित्रांनो, मैदानात एकदाच पडलेला खेळाडू टीव्हीवर चार-पाच वेळा पडतो, हे तुम्ही पाहिले असेल. त्याला पुन्हा पुन्हा पाडण्याचे काम अठरा वर्षे माझ्याकडे होते. मी रिप्ले यंत्राची दांडी आहे. बोटभर लांब, काळी, टोकाशी झिजून गुळगुळीत झालेली. मला पुढे ढकलले की चित्र धावते, मागे ओढले की संथ होते आणि पार मागे नेले की मूठ जबड्यावर टेकलेली असतानाच थांबते.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला काम शिकवले रिप्ले लावणाऱ्या लॉर्ना पेट्रिशिनच्या हाताने. आमच्या क्रीडावाहिनीचा थेट प्रक्षेपणाचा ट्रक विनिपेग शहरातल्या हॉकी स्टेडियममागे उभा असे. बाहेर उणे तीस, आत यंत्रांची ऊब. लॉर्ना स्टीलच्या थर्मासमधली कॉफी ओतून घ्यायची, उजवा हात माझ्यावर ठेवायची आणि सामना संपेपर्यंत तो क्वचितच उचलायची. बर्फावरच्या त्या खेळात गोल थोडे आणि हाणामारी फार. कुणाच्या गळ्यावर काठी बसे, कुणाचे नाक फुटे, पांढऱ्या बर्फावर लाल ठिपके पडत. दात उडाल्याचा नेमका क्षण लॉर्नाला पहिल्या खेपेत सापडे. दर सोमवारी ‘आठवड्याचे दहा घाव’ हा कार्यक्रम लागे आणि त्यातले सहा-सात तरी आमचे असत. तिचा हात म्हणजे सोने आहे, असे वरचे साहेब म्हणत. तिला त्याचा अभिमान होता. खोटे कशाला सांगू, मलाही होता.

कर्ट रेम्पल हा आमच्या संघाचा मारामारीसाठीच ठेवलेला गडी. सस्कॅचवान प्रांतातल्या स्विफ्ट करंट गावचा, तेहतीस वर्षांचा, बोटे मोडून वाकडी झालेली. सामन्याआधी तो कधीकधी ट्रकमध्ये डोकावायचा आणि डोनटचा खोका ठेवून जायचा. एकदा तो लॉर्नाला म्हणाला, “मी कुणाला मारलं तर हवं तेवढं दाखवा. पण मी पडलो तर हळू करून दाखवू नका हं. आई बघत असते.”

लॉर्ना हसली. “मग पडू नकोस,” ती म्हणाली.

फेब्रुवारीतला शनिवार होता, दुपारचा सामना. कर्टने आणि समोरच्या संघातल्या एका धिप्पाड खेळाडूने हातमोजे टाकले, म्हणजे मारामारी ठरली. प्रेक्षक उभे राहिले. पहिल्या दोन ठोशांत कर्टचे हेल्मेट उडाले. तिसरा कानशिलावर बसला. गड्याची उभ्या उभ्याच शुद्ध हरपली आणि तो हात न टेकता मागे कोसळला. डोके बर्फावर आपटल्याचा आवाज मैदानातल्या माइकमधून आमच्या ट्रकभर घुमला. कानातून रक्त आले. पाय झटके देऊ लागले.

लॉर्नाच्या हाताने सवयीने मला मागे ओढले. आम्ही दाखवले. दुसऱ्या कॅमेऱ्यातून पुन्हा दाखवले. निर्माता नील थर्स्टन मागे उभा राहून सूचना देत होता. त्याने बर्फालगतच्या कॅमेऱ्यातून मागितले, तेही आम्ही दाखवले, अगदी संथ. मग तिचा हात माझ्यावरून उठला.

“अजून एकदा,” नील म्हणाला. “डोकं आपटतं तिथं थांबव.”

“नाही.”

“लॉर्ना, नाटकं नकोत. सगळा देश बघतोय.”

“त्याची आई बघतेय, नील.”

नीलने तिच्या खांद्यावरून हात घालून मला पकडले. तिने त्याचे मनगट पिरगाळून बाजूला ढकलले. त्याने तिची खुर्चीच मागे ओढली, ती गुडघ्यांवर आपटली. उठली ती थर्मास हातात घेऊनच. पहिला घाव यंत्राच्या पत्र्यावर बसला, दुसरा माझ्या मुळाशी. तिसऱ्या घावाला मी कडकन मोडले. अठरा वर्षे ज्या हाताची ऊब मला होती, त्याच हाताने माझे दोन तुकडे केले. मी जमिनीवर सांडलेल्या कॉफीत पडले आणि वर पाहिले. पडद्यावर कर्ट पुन्हा कोसळत होता. शेजारच्या यंत्रावरून तेच दृश्य सुरू झाले होते.

मंगळवारी कर्ट गेला. गुरुवारी कंपनीने चौकशी बसवली आणि पुरावा म्हणून मला टेबलावर ठेवले. लॉर्नाने सगळे कबूल केले. पश्चात्ताप होतो का, असे त्यांनी विचारले.

“होतो,” ती म्हणाली. “तीनदा दाखवल्यावर फोडलं. आधीच फोडायला हवं होतं.”

तिला त्याच दिवशी काढून टाकले. मला कचऱ्यात जायचे होते, पण आमचा मेकॅनिक रॉडेल मनालांग याने मला उचलून आपल्या खणात, स्क्रूंच्या डब्यात टाकले. पुढचे मला त्याच्याकडूनच कळले. लॉर्ना नऊ तास गाडी हाकत स्विफ्ट करंटला अंत्यविधीला गेली होती. कर्टच्या आईला, हिल्डाबाईंना, तिने आपण कोण ते सांगितले. बाई म्हणाल्या, “म्हणजे ते तुम्ही होतात. तिसऱ्या वेळी मी टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले. नातवाला दिसू नये म्हणून.”

लॉर्नाने माफी मागितली. हिल्डाबाईंनी ती दिली नाही, पण तिला जाऊही दिले नाही. दफन होईपर्यंत दोघी एका बाकावर बसून होत्या.

रॉडेलने यंत्राला नवी दांडी बसवली आहे. चांगली चालते म्हणतात. कर्ट गेल्यानंतरच्याच सोमवारी ‘आठवड्याचे दहा घाव’ लागला. त्यात कर्टचा घाव पहिला होता आणि खाली शोकाची काळी पट्टी होती.

मित्रांनो, मला पुसा, जपा, पुन्हा जोडा, असे मी म्हणणार नाही. माझी विनंती वेगळी आहे. माणूस पडतो ते पहिल्यांदा तुमच्या डोळ्यांपुढे नकळत येईल, त्याला इलाज नाही. पण तो उठला की नाही हे कळायच्या आत कुणी पुन्हा दाखवू लागले, तर टीव्ही बंद करा. आमच्या ट्रकमध्ये एक छोटा पडदा असे. या क्षणी किती लोक पाहत आहेत, तो आकडा त्यावर दिसे. त्या शनिवारी, प्रत्येक रिप्लेला, तो वाढत गेला होता.