झाडावरच्या चिंध्या

शिंगं गळल्यापासून हरणांच्या बागेतला थोराड नर अगदी गरीब गाय झाला होता, म्हणून राखणदार मामा काठी न घेताच आत चारा टाकत होते.

“गळली कशाला?” कुंपणाबाहेरून भाचीने विचारलं.

“अगं, माद्यांसाठीच्या मारामाऱ्या संपल्या, मग ओझं कशाला वाहायचं? आता नवी शिंगं मखमली कातडीखाली वाढतायत. आतलं हाड घट्ट झालं की कातडी सुटते, तो ती झाडावर घासून काढतो. मग मात्र सख्ख्या बापालाही ओळखत नाही! त्याला अजून आठवडा आहे.”

भाचीचं लक्ष मामांच्या पाठीमागच्या झाडाकडे गेलं. बुंध्यावर ओल्या, लाल चिंध्या लोंबत होत्या.

“मामा,” ती कुजबुजली, “आठवडा संपलाय.”

झाडाआड चाललेलं रवंथ एकदम थांबलं.