आई नसल्याचा सराव

गोंदियाजवळच्या मुर्रीत आमच्या शेजारी राहणाऱ्या कलाबाईंना मी तोंडावर वेडी म्हटलं होतं, आणि तो शब्द मी आजही मागं घेणार नाही.

अल्का त्यांची मुलगी. वय तिशीपलीकडचं, समज लहान पोरीची. गोंदियाच्या एका कॉलेजात अशा मोठ्या मुलामुलींसाठी दुपारचा वर्ग निघाला, तिथं ती गॅस पेटवणं, भात लावणं, दाराला कुलूप घालणं शिकायला लागली. तिथल्या मॅडम म्हणाल्या, घरीही सराव घ्या, तुम्ही नाहीच असं समजून तिला एकटीला करू द्या. कलाबाईंचं काळीज आधीच कमजोर. मुलगा बुद्धभूषण नागपूरला, आणि आईमागं अल्काला संस्थेत टाकायचं त्यानं पक्कं केलेलं. ती आपल्या घरी एकटी राहू शकते, हे त्याला दाखवायचं, एवढाच कलाबाईंचा ध्यास.

पण दुखणाईत माणूस घर सोडून जाणार कुठं? मग त्या खाटेवर डोक्यावरून चादर घेऊन पडायच्या. "मी मेली समज," म्हणायच्या. अल्का भात लावायची, गॅस बंद करायची, जेवून भांडी घासायची. सगळं बरोबर झालं की आई उठून बसायची. काही चुकलं तर चादर हलायची नाही. अल्काला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कसला हा अभद्र खेळ, म्हणून मी भांडले.

"प्रेमिलाबाई, मरण का सांगून येते?" त्या म्हणाल्या. "तिले शिकू द्या."

पोरगी शिकली मात्र. दिवाळीत बुद्धभूषण तिच्या हातचा भात जेवला आणि म्हणाला, राहू दे हिला इथंच. कलाबाई त्या दिवशी पदराआड रडल्या.

परवा संध्याकाळी मी वाटीभर कढी घेऊन गेले. ओट्यावर दोन पातेली भरून भात, परातीत आणखी. घासलेली भांडी ओळीनं पालथी. अल्का परत तांदूळ धूत होती, डोळे रडून सुजलेले. मी खाटेवरची चादर बाजूला केली. कलाबाई केव्हाच थंड झाल्या होत्या.

"कुठंतरी चुकून राहिलं माहं, मावशी," अल्का म्हणाली. "आई उठूनच नाही राहिली."

मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, काहीच नाही चुकलं बाई तुहं, सारं बरोबर आहे.

तिचा चेहरा उजळला. ओले हात फ्रॉकला पुसत ती खाटेकडे वळली.

"ऐकलं का आई? मावशीबी म्हणते, बरोबर आहे."

आणि आई उठायची वाट पाहत तिथंच उभी राहिली.